एक हाड, दोन बिजागऱ्या

‘दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत’ ही म्हण दैवाच्या उफराट्या कारभाराला उद्देशून आपण वापरतो आणि ऐकणाराही मान डोलावतो. परंतु या म्हणीत दात आणि चणे या दोघांचीच हजेरी लागली आहे. ज्याच्या जिवावर दात चणे फोडतात तो खालचा जबडा मात्र म्हणीबाहेरच राहिला. व्यवहारातही त्याची गत तशीच आहे. दाढ ठणकू लागली की दाढेची आठवण होते, जीभ पोळली की जिभेची. जबड्याची आठवण व्हायला तो निखळावा लागतो किंवा उघडेनासा व्हावा लागतो. कलाशाखेच्या विद्यार्थ्यांना हाडांशी काय कर्तव्य, असे कोणी म्हणेल. पण दातओठ खाणारा, आ वासून पाहणारा आणि दातखीळ बसलेला ही तीन माणसे आपल्या कथा-कादंबऱ्यांत पानोपानी भेटतात, आणि ती तिन्ही म्हणजे या एकाच हाडाच्या तीन अवस्था होत. तेव्हा त्याची थोडी ओळख करून घेतली तर फारसे विषयांतर होणार नाही.

संस्कृतात जबड्याला ‘हनु’ म्हणतात. आपली हनुवटी त्यातूनच आली. इंद्राच्या वज्राने ज्याच्या हनूवर आघात झाला तो हनुमान, अशी त्या नावाची उपपत्ती रामायणात सांगितली आहे. शरीरशास्त्राच्या मराठी पुस्तकांत खालच्या जबड्याच्या हाडाला अधोहनू हे नाव आहे. चेहऱ्यातील सर्वांत मोठे आणि सर्वांत बळकट हाड हेच. कवटी व चेहरा मिळून २२ हाडे मोजली जातात. त्यांपैकी २१ हाडे एकमेकांत शिवणींनी जखडून बसलेली आहेत आणि एकटे अधोहनू तेवढे हलते. (कानाच्या आत तीन इवलीशी हलणारी हाडे आहेत, ती या हिशेबात धरत नाहीत. मौज अशी की, त्यांपैकी दोन आपल्या अतिप्राचीन पूर्वजांच्या जबड्याच्या सांध्यातच होती. पण तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.)

घोड्याचा नाल आडवा ठेवावा आणि त्याची दोन्ही टोके मागच्या बाजूला उभी वर वळवावीत, म्हणजे या हाडाचा आकार डोळ्यांपुढे येईल. आडव्या नालाच्या वरच्या कडेवर सोळा दातांची खोबणी असतात. मागे उभ्या राहिलेल्या रुंद पट्टीला वरच्या बाजूस दोन शिंगे फुटलेली असतात. पुढचे शिंग पातळ आणि टोकदार, कावळ्याच्या चोचीसारखे. त्यावर कानशिलाकडून येणारा स्नायू चिकटतो. मागचे शिंग जाड, त्याच्या माथ्यावर एक गोलसर डोके असते आणि ते कानाच्या अगदी पुढे कवटीच्या खाचेत बसते. आडवा आणि उभा भाग जेथे मिळतात तो कोन आपल्याला कानाखाली बोटांनी चाचपता येतो. तान्ह्या मुलात हा कोन फार पसरट असतो. दात येतात, चावणे सुरू होते, तसा तो आवळत जातो आणि प्रौढपणी ११० ते १२० अंशांच्या आसपास स्थिरावतो. मुलाचा चेहरा ‘भरला’ असे आपण म्हणतो, त्यात या कोनाचाही वाटा असतो.

आता हे हाड एक की दोन, हा प्रश्न पोरकट वाटेल, पण त्यावर वैद्यकात तेराशे वर्षे चूक चालत आली. दुसऱ्या शतकातील ग्रीक वैद्य गॅलेन याने खालचा जबडा दोन हाडांचा असतो असे लिहून ठेवले होते. त्याला माणसाचे शवविच्छेदन करता आले नव्हते. कुत्री, डुकरे, माकडे यांच्या शरीरांवरून त्याने माणसाचे अनुमान बांधले. कुत्र्याच्या जबड्याचे दोन भाग हनुवटीपाशी जन्मभर पक्के जुळत नाहीत, हे खरे आहे. माणसाच्या तान्ह्या मुलातही ते सुटे असतात. पण पहिल्या वर्षाच्या आतबाहेर ते सांधले जातात आणि मागे खूण म्हणून पुढच्या बाजूला एक अस्पष्ट उंचवटा राहतो. गॅलेनचा अधिकार मात्र इतका मोठा, की पुढच्या वैद्यांनी जबडा हातात घेऊन पाहण्यापेक्षा ग्रंथ उघडून पाहणे पसंत केले.

या चुकीला पहिला छेद दिला तो बगदादच्या अब्द अल्-लतीफ या वैद्याने. ११६२ मध्ये जन्मलेला हा विद्वान १२०० सालच्या सुमारास इजिप्तमध्ये होता. नाईल नदीला पुरेसे पाणी आले नाही आणि १२०० ते १२०२ या काळात त्या देशात भयंकर दुष्काळ पडला. माणसे इतकी मेली, की त्यांना पुरण्यासही कोणी उरले नाही. कैरोजवळ मक्स नावाच्या ठिकाणी हाडांचे ढीग साचले होते. अब्द अल्-लतीफ तेथे गेला आणि त्याने एकामागून एक जबडे उचलून पाहण्यास सुरुवात केली. एकाही जबड्यात त्याला जोड दिसला नाही. त्याने इतरांना बोलावून त्यांच्याकडून तपासणी करून घेतली. दोन हजारांहून अधिक कवट्या पाहून झाल्यावर त्याने लिहिले, की गॅलेन कितीही थोर असला तरी डोळ्यांची साक्ष त्याच्यापेक्षा अधिक भरवशाची आहे, आणि खालचा जबडा हे एकच हाड आहे. दुष्काळाच्या त्या प्रेतराशींसमोर एका माणसाला हा शोध घ्यावासा वाटला, याचे आश्चर्य करावे की भय वाटावे हे मला अजून ठरवता आलेले नाही. युरोपात हीच गोष्ट १५४३ मध्ये व्हेसेलियसने आपल्या शरीररचनेच्या ग्रंथात मांडली आणि मग ती सर्वमान्य झाली.

हाड एक असले तरी त्याला बिजागऱ्या दोन आहेत, एक उजव्या कानापुढे आणि एक डाव्या. शरीरातील हा चमत्कारिक प्रकार आहे. उजवे कोपर वाकवताना डाव्या कोपराला विचारावे लागत नाही. पण जबड्याचा उजवा सांधा डाव्याला सोबत घेतल्याखेरीज तसूभरही हलू शकत नाही. शिवाय ही बिजागरी दाराच्या बिजागरीसारखी नुसती फिरत नाही. वाचकांनी दोन्ही कानांच्या अगदी पुढे एकेक बोट ठेवून तोंड हळूहळू उघडावे. प्रथम बोटाखाली नुसते फिरल्यासारखे वाटेल. तोंड आणखी उघडले की हाडाचे ते गोल डोके बोटाखालून निसटून पुढे सरकेल आणि त्याच्या जागी एक खळगा जाणवेल. म्हणजे दार थोडे उघडल्यावर त्याची बिजागरीच चौकटीवरून पुढे घसरत जाते! ही घसरण सुरळीत व्हावी म्हणून हाडाचे डोके आणि कवटीची खाच यांच्यामध्ये तंतूंची एक लवचीक चकती असते आणि ती डोक्याबरोबर पुढेमागे जाते. काहींचे तोंड उघडताना कानाजवळ ‘कट्’ असा आवाज होतो. तो बहुधा या चकतीच्या मागेपुढे सटकण्याचा असतो.

कधी कधी मोठी जांभई देताना हे डोके खाचेच्या पुढचा उंचवटा ओलांडून जाते आणि पलीकडे अडकते. मग उघडलेले तोंड काही केल्या मिटत नाही. ही दुर्घटना फार जुनी आहे. सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या इजिप्तमधील शस्त्रक्रियेच्या एका पपायरसात तिच्यावरचा उपाय लिहिलेला आढळतो. दोन्ही अंगठे तोंडात घालून व बाकीची बोटे हनुवटीखाली धरून जबडा जागेवर बसवावा, असा तो उपाय. आजचे डॉक्टरही जवळजवळ तेच करतात, दाढांवर अंगठे ठेवून जबडा खाली व मागे दाबतात. सुश्रुताने निखळलेला हनुसंधी शेकून, जागी बसवून त्यावर ‘पंचांगी’ नावाचे बंधन बांधण्यास सांगितले आहे. बसवल्यानंतर बांधून ठेवण्यामागचा विचार उघड आहे, कारण एकदा सैल झालेली वाट तो पुन्हा धरण्याचा संभव असतो.

जबडा उचलून धरतात ते स्नायू. दात घट्ट आवळा आणि गालाच्या मागच्या भागावर हात ठेवा. जो टणक गोळा हाताला लागेल तो चावण्याचा मुख्य स्नायू. आता हात कानशिलावर न्या आणि पुन्हा आवळा. तेथेही पंख्यासारखा पसरलेला एक स्नायू फुगेल. तिसरा स्नायू हाडाच्या आतल्या अंगाने असतो आणि बाहेरच्याच्या जोडीने जबड्याला झोळीसारखा झेलून धरतो. चौथा लहान आहे, पण कामगिरी मोठी : हाडाचे डोके पुढे ओढून तोंड उघडण्यास मदत करणारा तो. खाली ओढण्याचे बाकी काम हनुवटीखालचे बारीक स्नायू आणि पृथ्वीचे गुरुत्वाकर्षण करते. एस.टी.च्या रात्रीच्या गाडीत गाढ झोपलेल्या सहप्रवाशाचे तोंड उघडे पडलेले आपण पाहतो, ते हे स्नायू सैल सुटल्यामुळे. जागेपणी आपण गप्प बसलो तरी ते थोडेसे जागे असतात; त्या वेळी खालचे आणि वरचे दात एकमेकांना टेकत नाहीत, दोन-चार मिलिमीटरची फट राहते. दात दिवसभर आवळून बसणाऱ्या माणसाचे कानशील संध्याकाळी दुखते, त्याचे कारण यातच आहे. धनुर्वातात सगळेच स्नायू आखडतात, तरी जबडा मिटलेलाच का राहतो? कारण मिटणारे स्नायू उघडणाऱ्यांपेक्षा कितीतरी बलवान आहेत. आपली ‘दातखीळ’ ती हीच.

या बळाचा हिशेब मात्र जागेवर अवलंबून असतो. चुलीतला निखारा उचलण्याचा चिमटा घ्या. एक टोक जोडलेले, मध्ये बोटांचा दाब आणि दुसऱ्या टोकाला निखारा. जबड्याची रचना या चिमट्याची आहे; जोड कानापाशी, दाब गालापाशी आणि पदार्थ दातांत. जोडापासून जितके दूर जावे तितका दाब कमी. म्हणून उसाचे कांडे आपण पुढच्या दातांनी सोलतो, पण अख्खी सुपारी फोडायची वेळ आली तर ती न सांगता मागच्या दाढेखाली जाते. तेथे धडधाकट तरुण माणूस पन्नास-साठ किलो वजनाइतका दाब देऊ शकतो; पुढच्या दातांवर त्याच्या निम्माही मिळत नाही.

आणि चावणे म्हणजे नुसते वरखाली करणे नव्हे. पंगतीत समोर बसलेल्या माणसाची हनुवटी क्षणभर न्याहाळावी (फार वेळ न्याहाळू नये, गैरसमज होतो). ती खाली जाते, एका बाजूला कलते, तिरकी वर येते आणि पुन्हा मध्यावर सरकते; थेंबासारखी आकृती हवेत काढत असते. उखळातले कांडणे आणि जात्यातले दळणे या दोन्ही क्रिया तिच्यात एकत्र आहेत. वाघाला दळता येत नाही. त्याच्या जबड्याचे डोके खाचेत आडवे घट्ट बसवलेले असते, त्यामुळे जबडा कात्रीसारखा उघडतो आणि मिटतो, बस्स. उलट रवंथ करणाऱ्या गाईचा जबडा बाजूंना मोकळा फिरतो. तिच्या वरच्या जबड्यात पुढचे दात नसतातच, तेथे नुसती टणक गादी असते, आणि दळण्याचे सारे काम दाढांवर असते. आपण या दोघांच्या मधले, म्हणून भाकरीही खातो आणि मटणही. जात्यात दाणे वैरणारा हात लागतो, तो येथे जिभेचा आणि गालाचा असतो. जीभ आतून आणि गाल बाहेरून घास पुन्हापुन्हा दाढांवर ढकलतात, आणि दाढ मिटण्यापूर्वी नेमक्या वेळी दोघेही अंग काढून घेतात. ही वेळ चुकली की जीभ चावली जाते. ती किती क्वचित चुकते हे मोजले तर या व्यवस्थेचे नवल वाटते, कारण या तालाकडे आपले लक्ष मुळीच नसते. तो मेंदूच्या तळाशी आपोआप चालतो. भातात खडा लागला की विचार करण्याआधीच जबडा थबकून उघडतो. दातांच्या मुळांभोवतीच्या तंतूंतून निघालेली ती तातडीची तार असते.

चावण्याच्या पद्धतीची खूण हाडावर आणि दातांवर इतकी स्पष्ट उमटते, की ती खोटी करणे फार कठीण. इंग्लंडमधील पिल्टडाउन येथे सापडलेली म्हणून १९१२ मध्ये एक कवटी जाहीर झाली. कवटी माणसाची, खालचा जबडा वानराच्या वळणाचा. माणूस आणि वानर यांच्यामधला दुवाच जणू हाती लागला! चाळीस वर्षे पुस्तकांतून तो नांदला. १९५३ मध्ये उघडकीस आले, की जबडा ओरांगउटानचा होता आणि माणसाच्या चघळण्याने झिजल्यासारख्या दिसाव्यात म्हणून दाढा कानशीने घासल्या होत्या. सांध्यात बसणारे ते गोल डोके मात्र तुटलेले होते. ते शाबूत असते तर हा जबडा त्या कवटीत बसत नाही हे पहिल्याच दिवशी कळले असते.

या हाडाच्या आत एक बोगदा आहे. उभ्या पट्टीच्या आतल्या बाजूने त्यात एक मज्जातंतू शिरतो, दाढांच्या मुळांखालून त्यांना संवेदना पुरवत पुढे येतो आणि हनुवटीच्या बाजूला एका छिद्रातून बाहेर पडून खालच्या ओठात पसरतो. खालची दाढ काढताना दंतवैद्य तोंडात खूप मागे सुई टोचतो आणि थोड्या वेळाने तिसरीकडेच, त्या बाजूचा ओठ आणि हनुवटी बधिर होते, त्याचे इंगित हे आहे. प्रौढ माणसात हे छिद्र हाडाच्या उंचीच्या साधारण मध्यावर असते. दात पडले की चित्र पालटते. दातांची खोबणी धरून ठेवणारे हाड दातांसाठीच असते. दात गेला की ते विरघळू लागते. पहिल्या वर्षात ही झीज सर्वांत वेगाने होते आणि पुढे वर्षानुवर्षे सुरू राहते. वरच्या जबड्यापेक्षा खालच्याची झीज सुमारे चौपट होते असे दीर्घकाळ केलेल्या मोजमापांत आढळले आहे. शेवटी हाडाची उंची निम्म्याहून कमी होते आणि मध्यावरचे ते छिद्र वरच्या काठावर येऊन बसते. मग कवळी घातली की प्रत्येक घासाला थेट मज्जातंतूवर दाब पडतो. ‘कवळी टोचते’ म्हणून ती डब्यात ठेवून देणाऱ्या आजोबांना घरातले हट्टी ठरवतात. पुष्कळदा दोष त्यांच्या स्वभावाचा नसून त्या छिद्राच्या जागेचा असतो.

हे म्हातारपणाचे झाले. तरुणांच्या जबड्यावर येणारे संकट निराळे आहे, आणि कॉलेजच्या अंकात ते सांगणे मला अधिक अगत्याचे वाटते. सुपारी, मग ती विड्यातली असो, सुगंधी असो वा गुटख्याच्या पुडीतली, गालात धरून चघळण्याची सवय लागली की तिच्यातील अरेकोलीन हे द्रव्य गालाच्या अस्तराखालील पेशींना सतत डिवचते आणि त्या तंतू विणू लागतात. आरंभी तिखट लागले की तोंडाची आग होते. पुढे गालाचा आतला भाग पांढुरका पडतो आणि त्यात दोरीसारखे पट्टे हाताला लागतात. मग तोंड कमी उघडू लागते. बिजागऱ्या शाबूत, हाड शाबूत, स्नायू शाबूत. पण दाराला आतून पट्ट्या ठोकल्यावर ते उघडणार कसे? मुंबईतील डॉ. जोशी यांनी १९५३ मध्ये या विकाराचे वर्णन केले. त्याच्या आदल्याच वर्षी पूर्व आफ्रिकेत राहणाऱ्या भारतीय स्त्रियांमध्ये तो नोंदवला गेला होता. देश सुटला तरी सुपारी सुटली नव्हती. तंबाखू नसलेली सुपारीदेखील कर्करोगकारक आहे, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये दिला. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ मध्ये बंदी आली, तरी फाडलेल्या पुड्या रस्त्याच्या कडेला दिसतातच.

आपले तोंड पुरेसे उघडते की नाही हे पाहण्यास कोणतेही यंत्र लागत नाही. स्वतःच्या हाताची मधली तीन बोटे जुळवून एकावर एक उभी धरावीत आणि वरच्या व खालच्या दातांमध्ये घालून पाहावीत. प्रौढ माणसाचे तोंड साधारणपणे ४० ते ५० मिलिमीटर उघडते, म्हणजे तीन बोटे मावतात. दोनच मावत असतील तर दंतवैद्याकडे जावे. एकच मावत असेल तर त्याला भाकरीचा तुकडाही नीट घालता येत नाही, आणि दात किडला तर उपचार करण्यास हत्यार आत जात नाही. तयार झालेले पट्टे सवय सोडल्याने नाहीसे होत नाहीत, परंतु नवे विणले जाण्याला आळा बसतो. काहींच्या बाबतीत याच जागी पुढे कर्करोग होतो आणि तो हाडापर्यंत पोचला तर जबड्याचा तुकडाच काढावा लागतो. १९८९ मध्ये अमेरिकेतील हिदाल्गो या शल्यविशारदाने अशा जागी पायातील पोटरीच्या बाहेरच्या अंगाचे बारीक हाड बसवण्याची पद्धत प्रसिद्ध केली. शरीराचा भार मुख्यतः त्याच्या शेजारच्या जाड हाडावर असल्याने ते काढले तरी माणूस चालू शकतो. त्या सरळ हाडाला ठिकठिकाणी छेद देऊन नालेसारखे वळवतात, त्याच्या रक्तवाहिन्या मानेतील रक्तवाहिन्यांना सूक्ष्मदर्शकाखाली शिवतात, आणि सारे जुळून आले तर पुढे त्यात दातही बसवतात. ही शस्त्रक्रिया कित्येक तास चालते.

तेथवर न पोचलेल्या रुग्णाला डॉक्टर औषधांबरोबर एक व्यायाम देतात. आइस्क्रीमच्या चपट्या लाकडी काड्या एकावर एक रचून दोन्हीकडच्या दातांमध्ये मावतील तेवढ्या घालायच्या, तशाच काही वेळ धरायच्या, दिवसातून अनेकदा. काही दिवसांनी त्या गठ्ठ्यात आणखी एक काडी सरकवून पाहायची.